पांढरी सलवार

कापूस फुटला की गावाला बरं वाटतं. मला वाटत नाही. दिवाळी होऊन गेलेली असते, सकाळी बोटं गारठतात, दुपारी ऊन पाठ भाजतं, आणि काळ्या रानात जिकडं बघावं तिकडं पांढरं दिसायला लागतं. त्या पांढऱ्याकडं बघितलं की मी मान फिरवते. लोक म्हणतात, म्हातारीला वेचणीचा कंटाळा आला. कंटाळा नाही. हाताला काम असलेलं मला आवडतं. भीती आहे ती.

यंदा वेचणी सुरू झाली त्याच आठवड्यात पारावर गणवेशावरून बोलणं निघालं. शहरात शिकून आलेला एक पोरगा म्हणत होता, गणवेश बंद करा, लेकरांना मोकळं वाढू द्या. दुसरा म्हणाला, गणवेश गेला की शिस्त गेली. दोघंही खुर्चीवर बसून बोलत होते. मी डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालले होते. एकानं गंमत म्हणून हाक मारली, "दत्ताची माय, तुम्ही सांगा. तुम्ही तर चौथी शिकलेल्या!"

सगळे हसले. मी म्हणाले, "सांगीन. पण सांगितलं तर खाली बघत बसाल."

तेव्हा सांगितलं नाही. भारा जड होता. आता सांगते.

आमच्या वेळी गणवेश नव्हता. ज्याच्या घरात जे असेल ते घालून यायचं. मोठ्या घरच्या पोरी छिटाचा परकर घालून यायच्या, चालताना त्याचा आवाज व्हायचा. माझा परकर आईच्या विटलेल्या लुगड्याचा. काठ पुरला नाही म्हणून आईनं तो फक्त पुढून लावला होता. आम्ही बौद्ध. आमच्या लोकांनी धर्म बदलला होता, गावानं काही बदललं नव्हतं. मास्तर आत आले की त्यांना माझं नाव विचारायची गरज पडत नसे. ते परकर बघायचे आणि हातानं दाखवायचे, तू तिकडं. तिकडं म्हणजे दाराजवळ, जिथं बाकीच्यांच्या चपला असायच्या. चार वर्षं मी चपलांचा वास घेत बाराखडी शिकले.

पुढं माझा दत्ता शाळेत जायला लागला तेव्हा खाकी चड्डी आणि पांढरा सदरा आला होता. पहिल्या दिवशी मी त्याला सोडायला गेले. प्रार्थनेला पोरं रांगेत उभी राहिली आणि मला माझा पोरगा सापडेना. एकसारखी डोकी, एकसारखे सदरे. मी तिथंच उभी राहून मनात म्हणाले, बरं झालं. मला सापडत नाही, तर मास्तरलाही सापडणार नाही. जात काही गेली नाही सदऱ्यानं. पण मास्तरला नाव विचारावं लागायला लागलं, आणि नाव विचारेपर्यंत पोरगं मधल्या ओळीत बसून घेतं. एवढं काम त्या सदऱ्यानं केलं. ते मी विसरत नाही. गणवेश नको म्हणणाऱ्यानं एकदा चपलांजवळ बसून बघावं.

पण भीती त्याच जागेपाशी आहे. एकसारखं दिसणं ही जी सोय आहे, तिच्यातच पोर हरवते.

माझी नात आरती, दत्ताची थोरली, आमच्या गावातली सातवी संपवून पलीकडच्या मोठ्या गावात हायस्कुलात जायला लागली. रस्ता आमच्या रानाच्या कडेनं जातो. आकाशी कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. सकाळी सगळ्या पोरी मिळून निघायच्या आणि बांधावरून बघितलं की एक लांबच लांब आकाशी पट्टा चालल्यासारखा दिसायचा. मी वेचणी थांबवून बघायची. आरती कोणती ते कळायचं नाही. मी कुणालातरी एकीला आरती धरायची आणि वळणापर्यंत तिच्याकडं बघत राहायची.

त्या कपड्याची राखण होती, हे खरं आहे. शाळेच्या वेळेला गणवेशातली पोर एकटी दिसली की घनसावंगीचा जीपवालासुद्धा विचारायचा, "ए बाई, शाळा सोडून कुठं?" पाणंदीतनं गेली तर गुराखी विचारणार. दुकानात थांबली तर दुकानदार हाकलणार. पण तोच कपडा टपरीवरची रिकामी पोरंही ओळखतात. कोणत्या वेळेला तो रस्त्यानं येतो, कोणत्या वळणावर एकटा पडतो, हे त्यांना शाळेच्या घंटेइतकं पाठ असतं. राखणारा आणि टपून बसणारा, दोघंही एकच रंग बघून उठतात. मी म्हातारी बांधावर उभी राहून तिसरी. तिघांत कोण जवळ, त्यावर सगळं.

आणि ते पांढरं. आमच्या मातीत पांढरं घालायचं कुणाच्या डोक्यातून आलं मला माहीत नाही. काळी जमीन आमची. पाऊस झाला की चिखल घोट्यापर्यंत, पाऊस संपला की तिचीच धूळ. माझी सून मंगल रोज संध्याकाळी ती सलवार घासायची, शेवटच्या पाण्यात नीळ टाकायची, चुलीजवळ दोरीवर वाळवायची. सलवार एकच. सोमवारी शाळेत कपडे तपासायचे. मळके दिसले की वर्गाबाहेर उभं करायचे. आरती एकदा उभी राहिली होती. घरी येऊन जेवली नाही, स्वतःच सलवार घेऊन दगडावर बसली. तेव्हापासून तिनं रस्त्यावर बसायचं सोडलं, गवतावर बसायचं सोडलं. पोर उभ्या उभ्या शेंगा खायची.

दत्ता आणि मंगल ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळीची गाडी येते, नवरा-बायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात, सगळं बिऱ्हाड घेऊन जातात ते थेट उन्हाळ्यात येतात. आरतीला माझ्याकडं ठेवायचं ठरलं होतं, शाळेसाठी. त्या साली गाडी यायला थोडेच दिवस राहिले होते. मंगल भांडी बांधत होती, दत्ता कोयत्यांना मुठी बसवत होता.

अशातच एका दिवशी दुपारनंतर शाळा सुटली. पट्टा आला, वळणावर फुटला, ज्या त्या पोरी ज्या त्या गल्लीला गेल्या. मंगल अंगणातूनच म्हणाली, "आली बघा आरती." तिला एक आकाशी कुर्ता दिसला होता. तो पुढच्या घरी गेला. आम्ही दोघी कामात. चहाचं आधण ठेवायची वेळ झाली तरी दप्तर आपटल्याचा आवाज आला नाही, तेव्हा मंगल बाहेर आली.

नाझिया म्हणून आरतीच्या वर्गातली पोर आहे, रेहानाची. रेहाना आमच्या गावात वेचणीच्या बाया गोळा करते. नाझियाला विचारलं तर ती म्हणाली, "आरती? ती तर मधल्या सुट्टीतच गेली. बोलली, पोट दुखून राह्यलं. मी म्हणलं घरी असंल."

शाळेला वाटलं पोर घरी आहे. घराला वाटलं पोर शाळेत आहे. आणि मध्ये एवढं रान.

दत्ता धावला. मी दत्ताला असा धावताना त्याच्या लहानपणी बघितलं असेल तेवढंच. ज्याला त्याला विचारत होता, "शाळेची पोरगी दिसली का? आकाशी ड्रेस, पांढरी सलवार?" गुराख्याला विचारलं. न्हाई. जीपच्या थांब्यावर विचारलं. न्हाई. उसाच्या फडाला पाणी देणाऱ्याला विचारलं. फड उंच वाढलेला, आत दोन पावलांवरचं दिसत नाही. तो म्हणाला, "इकडून तर कुणी गेलं न्हाई." म्हणताना त्याचीही मान उसाकडं वळली. मी दत्ताच्या मागून येत होते, मला ते दिसलं.

आमच्या रानाला लागून मोठ्या शेताची वेचणी चालू होती. रेहानाची टोळी तिथंच होती. दत्तानं बांधावरून हाक मारली, "ओ रेहानाबी, आमची आरती दिसली का? शाळेच्या ड्रेसात?"

रेहानानं मान वर केली. "न्हाई बा. शाळेची पोरगी बिलकुल इकडं आली न्हाई. काय झालं?"

दत्ता थांबला नाही. पुढं जाऊन तो तसाच माघारी आला, परत त्याच बांधावरून, परत त्याच बायांच्या पुढून.

मंगलचा आवाज आमच्या रानातल्या विहिरीवरून आला. तो आवाज मी कसा सांगू. बैल गाडीखाली सापडला की असा ओरडतो.

विहिरीच्या काठाला दगडाचा एक थर आहे, कठडा नाही. त्या दगडावर आरतीचं दप्तर होतं. त्याच्यावर आकाशी कुर्ता आणि ओढणी, घडी घातलेली. शेजारी सलवार पसरलेली. खाली चपला, जोडून ठेवलेल्या.

आमच्या भागातल्या कुणालाही विचारा, विहिरीच्या काठाला जोडून ठेवलेल्या चपलांचा अर्थ काय. लहान लेकरूही सांगेल. आमच्याकडं बाई विहिरीत जाते तेव्हा चपला काढून जाते. का काढते कुणाला माहीत. मी माझ्या आयुष्यात अशा चपला बघितल्या आहेत आणि त्या चपलांच्या मालकिणीला बाजेवर घालून नेताना बघितलं आहे. म्हणून कुणी कुणाला काही विचारलं नाही. माणसं जमली. बादल्या काढायचा गळ कुणीतरी आणला. दत्ता आत उतरायला निघाला, त्याला दोघांनी धरून ठेवलं. गळ पाण्यात सोडला. लोखंड खाली दगडाला लागलं की वर आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाला मंगल जमिनीवर डोकं आपटायची. गळ वर आला. शेवाळ आलं. परत सोडला.

मी पाण्याकडं बघितलं नाही. मला बघवेना. म्हणून मी सलवारीकडं बघत होते. ती ओली होती. पिळून, झटकून, कडा ओढून वाळत घातलेली. मी हात लावला. मागच्या बाजूला, शिवणीपाशी, घासून घासून फिकट झालेला डाग होता. गुलाबी.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. मरायला निघालेली पोर सलवार धूत बसत नाही. वाळत तर मुळीच घालत नाही. ही पोर सलवार वाळायची वाट बघते आहे.

एवढं कळलं आणि मला बरं वाटायला पाहिजे होतं. उलट दुसरी भीती वर आली, पहिलीपेक्षा काळी. पोरीच्या सलवारीला रक्त दोन कारणांनी लागतं. एक बाईच्या जातीला लागलेलं, महिन्याचं. दुसरं मी इथं सांगत नाही. ऊस समोर उभा होता. टपरीवरची पोरं त्या दिवशी टपरीवर होती का नव्हती, हे मी आठवायला लागले आणि मला आठवेना.

मी सलवार उचलून पदरात गुंडाळली. गड्यांच्या नजरेला तो डाग पडू द्यायचा नव्हता. एकानं बघितलं तर रात्रीपर्यंत गावात पोरीचं काय काय करून ठेवलं असतं. मग सरळ विचार केला. कपडे इथं आहेत. मग पोरीच्या अंगावर काय आहे? उघडी पोर रानातून फिरत नाही. कुणाचं तरी काहीतरी घातलं आहे.

वेचणीला आमच्या बाया साडीवर गड्याचा जुना सदरा घालतात, पूर्ण बाह्यांचा. बोंडाची टोकं हाताला ओरबाडतात म्हणून. डोक्याला आणि तोंडाला रुमाल बांधतात, फक्त डोळे उघडे. कमरेला कापसाची ओटी. जादाचे सदरे, फाटक्या साड्या, परकर बांधावरच्या लिंबाला अडकवलेले असतात. लांबून बघितलं तर सगळ्या बाया एकच. शाळेच्या पोरींना एक गणवेश असतो तसा आमचाही आहे, फक्त तो कुणी शिवून देत नाही.

मी रेहानाच्या शेतात गेले. पळता येत नाही मला, पण त्या दिवशी पाय कुठं पडत होते ते मला माहीत नाही. बाया पार पलीकडच्या टोकाला ओळीनं वाकलेल्या, विहिरीवरची गडबड तिथवर पोचली नव्हती. मी तासाच्या, म्हणजे कापसाच्या ओळीच्या, तोंडाला उभी राहून ओरडले, "तोंडं उघडा गं!"

रेहाना चमकली. "काय झालं मावशी?"

"रुमाल काढा सगळ्यांनी. जल्दी!"

एकेक रुमाल सुटायला लागला. घामेजलेली तोंडं. एक, दुसरी, शेजारच्या गावची, तिच्या पलीकडची. टोकाच्या तासात एक सदरा वाकलेलाच राहिला. हात थांबत नव्हते. बोंड धरायचं, ओढायचं, ओटीत टाकायचं. मी जवळ गेले आणि रुमाल ओढला.

आरती. तोंड पांढरंफटक. ओटी गच्च भरलेली.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "आजी, मी मरून राह्यले का?"

मी खाली बसले, मातीत. तिचे हात धरले. मग विचारलं, "कुणी हात लावला का तुला? खरं सांग."

तिला प्रश्नच समजला नाही. डोळे नुसते मोठे झाले. मग ती म्हणाली, "कुणी न्हाई. वर्गात बसल्या बसल्याच झालं. पोट दुखत होतं. बाकावर पण लागलं. मी रुमालानं पुसलं. उद्या सोमवार हाय आजी, सलवार तपासतील."

सोमवार नव्हता दुसऱ्या दिवशी. पोरीला वार सुद्धा राहिला नव्हता. ती मधल्या सुट्टीत ओढणी कमरेला बांधून निघाली, विहिरीवर आली, डोलानं पाणी काढून सलवार धुतली, लिंबावरचा जुना परकर आणि सदरा घातला. तेवढ्यात बाया त्या बाजूला आल्या. नुसतं उभं राहिलं तर विचारतील, म्हणून तिनं रुमाल बांधला आणि तास धरला. सलवार वाळेपर्यंत वेचायचं आणि शाळा सुटायच्या वेळेला पोरींत मिसळून घरी जायचं, असा तिचा बेत. ऊन उतरलं, सलवार वाळली नाही. बाप बांधावरून हाका मारत गेला तेव्हा ती खाली वाकूनच होती. गड्याच्या जातीला काय सांगणार?

रेहाना कपाळाला हात लावून म्हणाली, "या अल्ला! मी म्हणत होते, ही नवी बाई बडी कामाची दिसून राह्यली. बोलत न्हाई, बसत न्हाई, पाणी प्यायला जात न्हाई! शेजारच्या गावच्यांतली असंल म्हणलं." बाया हसल्या. हसता हसता दोघीतिघींनी डोळे पुसले. मग रेहाना चिडली, माझ्यावरच. "तुमच्या दत्तानं विचारलं काय? आकाशी ड्रेस. ड्रेस कुठं हाय इथं? पोरगी विचारायची ना!"

खरं बोलली. सगळं गाव कपडा शोधत होतं.

आजही मला ते कोडं पडतं. गणवेशात होती तेव्हा सगळ्यांच्यात मिसळून हरवली. गणवेश काढला तर कुणाच्याच नजरेला पडली नाही. पोर म्हणून तिला बघायला कपडा मध्ये येतोच. आणि तिला काय झालं होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. ना घरी, ना शाळेत. आमच्याकडं ते तोंडानं सांगत नाहीत. कपड्यावर दिसतं तेव्हा कळतं, आणि कपडा पांढरा असेल तर पोरीच्या आधी जगाला कळतं.

घरी आणल्यावर दत्तानं तिला मारलं नाही, रागावला नाही. त्याला मंगलनं मागच्या दारात नेऊन सांगितलं. मग तो आत येऊन म्हणाला, "मंग आता बस. ती आमच्यासंगं येईल तोडीला."

मला ह्याचीच भीती होती. चौथी झाल्यावर माझ्या आईनं मला लुगडं नेसवलं. आदल्या दिवशी जे मला "ए पोरी" म्हणत होते ते लुगडं बघून गप्प झाले आणि वेगळं बघायला लागले. मी तीच होते. त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मंगलचं तर उसाच्या फडावरच ठरलं, पाचटाच्या झोपडीत, कोपीत, चुलीला लाकूड घालता घालता. तिथं पोर मोठी दिसायला लागली की आईबाप रात्रभर जागतात, आणि जागरण सोसेना म्हणून उजवून टाकतात. आरतीला गाडीत घातलं असतं तर आकाशी कुर्ता वर्षभरात फडक्याला गेला असता. पोरीच्या अंगावर गणवेश आहे तोवर गाव तिला लेकरू म्हणतं. तेवढंच. त्या कापडाचा सगळ्यात मोठा गुण तो, आणि तोच मला सगळ्यात जास्त घाबरवतो. कारण कापड उतरायला किती वेळ लागतो?

मी म्हणाले, "दत्ता, ती शाळेत जाईल."

"माय, तू म्हातारी. ती शाळेत गेली का विहिरीवर गेली, तुला बांधावरनं काय दिसतं?"

"मला दिसत न्हाई. तुला दिसलं व्हय? तिच्या पुढून गेलास अन् तिच्या पुढूनच माघारी आलास."

आरती कोपऱ्यातून म्हणाली, "मी ती सलवार घालणार न्हाई."

"बघ!" दत्ता म्हणाला. "तीच न्हाई म्हणती. अन् त्याच्याबिगर शाळा आत घेत न्हाई. मंग काय?"

मंगल उठली, शेजारणीकडं गेली आणि गडद निळ्या रंगाची पुडी घेऊन आली. साड्या विटल्या की आमच्याकडं घरीच रंगवतात. तिनं पातेलं चुलीवर ठेवलं, मीठ टाकलं, पुडी सोडली आणि सलवार आत दाबली. काठीनं खालीवर करत राहिली. पांढरं पाण्यातच मेलं. दत्ता बघत होता. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "उद्या जाऊन बसू द्या तिला. माघारी लावली तर तुम्ही म्हणाल तसं."

"गेटवरनं माघारी आली तर मी गाडीतच बसवीन," दत्ता म्हणाला. "परत बोलायचं न्हाई मंग कुणी."

ठरलं.

सकाळी मंगलनं तिला नव्या कापडाची घडी कशी घ्यायची ते दाखवलं. आरती निघाली. मी बांधावर उभी होते. आकाशी पट्टा आला, आणि पहिल्यांदाच मला माझी नात लांबून ओळखू आली. एवढ्या पांढऱ्या पायांत दोन निळे पाय. मला आनंद झाला नाही. मी एवढी वर्षं मनात म्हणत आले होते की बरं झालं, कुणाला सापडत नाही. आता ती सगळ्यांना सापडणार होती. हेडसरांना, टपरीला, रस्त्यानं जाणाऱ्या येणाऱ्याला. पोरी तिच्याकडं बघून एकमेकींच्या कानाला लागत होत्या. तिची मान खाली. वळणापर्यंत मी बघितलं. वळणानंतर काही दिसत नाही.

मग वाट बघणं. मी कापूस वेचत होते आणि एकेका बोंडाला मान वर करून रस्त्याकडं बघत होते. बोटाला काटा गेला, रक्त आलं, कापसाला लागलं. ते बोंड मी फेकून दिलं. दत्ता बांधावर बसून कोयत्याला धार लावत होता. दगडावर पातं घासायचं, पाणी मारायचं, परत घासायचं. तोही रस्त्याकडंच बघत होता. रस्त्यानं एक सायकल गेली. शेळ्या गेल्या. एक बाई आली, मी वेचणी सोडून उभी राहिले, ती दुसऱ्याच गावची निघाली. माघारी येणारी पोर कशी चालते ते मला माहीत आहे. ती रस्त्याच्या मधून चालत नाही.

उन्हं डोक्यावर आली. वळणावर एक पोर दिसली. एकटी. आकाशी कुर्ता. रस्त्याच्या कडेकडेनं येत होती. कोयत्याचा आवाज थांबला. मी डोळ्यावर हात धरला, पण उन्हात पाय दिसेनात. मी मनातल्या मनात गाडी बघितली, फड बघितला, कोपीतली चूल बघितली, पोरीच्या अंगावर साडी बघितली.

जवळ आल्यावर सलवार पांढरी दिसली. नाझिया होती. मला वाटलं, आता ही सांगायला आली. पळून गेली म्हणेल. विहिरीवर म्हणेल.

"काय गं? काय झालं?" मी कापूस सोडून पुढं झाले.

तिनं दत्ताकडं बघितलं. मग माझ्याजवळ सरकून हळू बोलली, "आजी, मधली सुट्टी हाय. आरती बोलली, तुमच्याकडं रंग हाय. माझी पण रंगवून द्या ना."

"तुला पण झालं?"

"न्हाई अजून." तिनं ओढणीचं टोक दातात धरलं. "पण होईलच ना. मला लई भ्याव वाटून राह्यलं."

"ते राहू दे. आरती कुठं हाय?"

"वर्गात."

"गेटवर काय म्हणले?"

"हेडसर बोलले, हा कोणता रंग? बराबर न्हाई हे, उभी राह्य तिकडं. मंग बाईंनी सरांना बाजूला नेलं. काय सांगितलं माहीत न्हाई. सर लाल झाले अन् हापिसात जाऊन बसले. नंतर आमच्या वर्गात आलेच न्हाईत."

"अन् आरती?"

"बसली की. माझ्याच बाकावर."

मी दत्ताकडं बघितलं नाही. त्यानं ऐकलं होतं. मग परत धार लावल्याचा आवाज आला, पहिल्यापेक्षा हळू. मी नाझियाला म्हणाले, संध्याकाळी ये, आणि येताना एकटी येऊ नको, रस्त्यानं ये, पाणंदीतनं येऊ नको. ती पळत गेली. पळताना पांढरे पाय धुळीत उठत होते. वळणापर्यंत मी त्यांच्यावरून नजर काढली नाही.

गाडी आली ती सकाळीच आली. दत्तानं भांडी चढवली, कोयते चढवले, मंगलला हात देऊन वर घेतलं. आरती खाली उभी होती, दप्तर पाठीला, कारण शाळेची वेळ झाली होती. दत्ता फळीवरून वाकून मला म्हणाला, "माय, नजर ठेव." मी म्हणाले, ठेवते. गाडी सुटली, आणि धूळ खाली बसायच्या आत मला रस्त्यावरच्या सगळ्या वाटा दिसायला लागल्या, ऊस, विहीर, टपरी, वळण. ते दोघं पोर माझ्याकडं ठेवून गेले, आणि त्यांची भीतीही.

"आजी, मी जाऊ का?" आरतीनं विचारलं.

मी तिचा हात सोडला.